जोडचित्रे : दोन डोळ्यांनी पाहायचा छंद



पुढचे वाचण्याआधी एक काम करा. मागे वळून मैदानातल्या झेंड्याच्या खांबाकडे तोंड करा. हात लांब करून अंगठा उभा धरा. आता डावा डोळा मिटून अंगठ्याकडे बघा. मग उजवा मिटून बघा. अंगठा उडी मारतो! मघाशी तो खांबावर होता, आता खांब सोडून बाजूला गेला. अंगठा तर जागचा हलला नाही, खांबही हलला नाही. मग हललं काय? तुमची बघायची जागा हलली.

आपल्या दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण अडीच इंच अंतर असते. त्यामुळे डाव्या डोळ्याला दिसणारे जग आणि उजव्या डोळ्याला दिसणारे जग यांत थोडा फरक असतो. जवळच्या वस्तूत हा फरक जास्त, लांबच्या वस्तूत कमी. मेंदू दोन्ही चित्रे जुळवून घेतो आणि त्या फरकावरून जवळ काय, लांब काय हे ओळखतो. हे सगळे आपल्या नकळत चालते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे दुसऱ्या डोळ्याची किंमत कळेल.

साध्या कॅमेऱ्याला डोळा एकच. म्हणून फोटोतला माणूस आणि त्याच्या मागचा डोंगर, दोन्ही एकाच कागदाला चिकटलेले दिसतात. पण एकाच देखाव्याचे दोन फोटो काढले, एक डाव्या डोळ्याच्या जागेवरून आणि एक उजव्या डोळ्याच्या जागेवरून, आणि ते बघताना डाव्या डोळ्याला फक्त डावा, उजव्याला फक्त उजवा दिसेल अशी सोय केली, तर मोठी गंमत होते. कागद नाहीसा होतो. माणूस अलीकडे येतो, डोंगर मागे जातो आणि मधे मोकळी हवा दिसते. इंग्रजीत याला स्टिरिओ फोटोग्राफी म्हणतात. स्टिरिओ म्हटलं की आपल्याला गाण्याचा टेप आठवतो, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घन, भरीव असा आहे. आम्ही वर्गात अशा फोटोंना जोडचित्र म्हणतो. तोच शब्द पुढे वापरला आहे.

हा शोध फोटोच्या आधीचा आहे, हे ऐकून नवल वाटेल. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला लेख मांडला. त्या वेळी लोकांना फोटो ठाऊकच नव्हते. त्यांनी रेघांची दोन दोन चित्रे काढली आणि काटकोनात ठेवलेल्या दोन आरशांतून ती दाखवली. साध्या रेघांचा ठोकळा कागदातून उठून उभा राहिला. पुढे स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1849 साली भिंगांचे छोटे यंत्र केले. 1851 साली लंडनला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते, तिथे ते राणी व्हिक्टोरियाला आवडले आणि मग काय, घरोघरी हे वेड पसरले. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी 1861 च्या सुमारास हातात धरायचा हलका, स्वस्त दर्शक केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवा त्याने करावा. आम्हांला राणीपेक्षा हे डॉक्टर जास्त आवडले.

आता एका गावाची हकीकत सांगतो. आमच्या वर्गाने हा छंद घेतला तो या गावामुळे.

1850 च्या दशकात इंग्लंडमध्ये टी. आर. विल्यम्स नावाचे छायाचित्रकार होते. त्यांनी एका खेड्याची 59 जोडचित्रे काढली. राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. शेतीची कामे, घरे, वाटा, चर्च आणि तिथली कामकरी माणसे. प्रत्येक कार्डाच्या मागे त्या चित्रावरची कविता छापली. पण गावाचे नाव कुठेच लिहिले नाही! दीडशे वर्षे हे गाव कोणते ते कळेना. ब्रायन मे नावाचे एक प्रसिद्ध गिटारवादक आहेत. त्यांना लहानपणापासून जोडचित्रांचा नाद. ते ही कार्डे जमवत होते. शेवटी 2003 साली त्यांनी त्यातल्या चर्चचे चित्र इंटरनेटवर ठेवले आणि विचारले, ओळखतं का कुणी? लोकांनी ओळखले. ते होते ऑक्सफर्डशायरमधले हिंटन वॉल्ड्रिस्ट हे गाव. मग एलेना व्हिडाल यांच्याबरोबर त्यांनी 2009 साली यावर मोठे पुस्तक काढले, त्यासोबत बघायचा दर्शकही दिला. गिटार वाजवणाऱ्या या माणसाने 2007 साली खगोलशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली, हे जाता जाता सांगून ठेवतो. (अभ्यास सोडून नाद करतो म्हणणाऱ्यांसाठी!)

गुरुजींनी ही गोष्ट सांगितली तेव्हा एकाने विचारले, आपल्या गावाचे असे कुणी काढले आहेत का? आपल्या देशाचे मात्र काढलेले आहेत. जेम्स रिकल्टन नावाचे एक अमेरिकन शिक्षक होते, न्यू जर्सीमधल्या शाळेत शिकवायचे. नंतर नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले आणि त्यांनी भारतात फिरून काढलेल्या 100 जोडचित्रांचा संच अंडरवूड अँड अंडरवूड या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकायला काढला. या कंपनीची एक युक्ती फार चांगली होती. चित्रांबरोबर नकाशा मिळे. नकाशावर चित्राचा क्रमांक असे आणि तिथून दोन रेघा फुटलेल्या असत. रेघा जिथून फुटतात तिथे कॅमेरा उभा होता, आणि दोन रेघांच्या मधले चित्रात दिसते. म्हणजे घरी बसून कळायचे की आपण कुठे उभे राहून कुठे बघत आहोत. ही युक्ती आम्ही उचलली आहे, ते पुढे येईलच.

आता या छंदाची अडचण बघा. साधा फोटो भिंतीवर टांगला की येणारा-जाणारा बघतो. जोडचित्र तसे दिसत नाही. ते एका वेळी एकालाच, डोळ्याला लावून बघावे लागते. मग आपण काढलेले दुसऱ्याला दाखवायचे कसे? यावर लोकांनी टपालाचा मार्ग काढला. अमेरिकेत 1861 साली हौशी लोकांनी एक अदलाबदल मंडळ काढले. प्रत्येक सभासदाने दर दोन महिन्यांनी आपले जोडचित्र बाकीच्यांना टपालाने पाठवायचे असा नियम होता. तिकडे यादवी युद्ध चालू होते, मंडळ दोन-तीन वर्षांतच थांबले. पण कल्पना टिकली. इंग्लंडमध्ये 1893 साली स्टिरिओस्कोपिक सोसायटी स्थापन झाली. तिची पद्धत अशी : एक पेटी तयार करायची. पेटीत प्रत्येक सभासदाचे एक जोडचित्र. पेटी टपालाने पहिल्याकडे जाते. तो सगळी चित्रे बघतो, प्रत्येकाबद्दल आपले मत लिहितो, आवडलेल्याला मत देतो आणि पेटी दुसऱ्याकडे पाठवतो. अशी ती गावोगाव फिरत फिरत परत पहिल्याकडे येते. तोपर्यंत त्याच्या चित्राबरोबर सगळ्यांनी लिहिलेले शेरे जमलेले असतात. तो आपले जुने चित्र काढून घेतो, नवे घालतो, पेटी पुन्हा निघते.

किती छान! आपल्याकडे भिशी फिरते तशी ही चित्रांची भिशी. फरक इतकाच की इथे दर फेरीला सगळ्यांनाच मिळते. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या अंगणात डोकावत होती. आणि शेरे गोडगोड नसत. डावे चित्र वर सरकले आहे, डोळे दुखतात, असे स्पष्ट लिहीत. त्यातूनच माणूस शिकतो.

यंत्रेही बदलत गेली. 1939 साली व्ह्यू-मास्टर आला. गोल तबकडीवर 14 छोटे फोटो, म्हणजे 7 जोड्या, खटका दाबला की पुढचे चित्र. आपल्यापैकी काही आईवडिलांनी लहानपणी जत्रेत किंवा पाहुण्यांकडे तो पाहिला असेल. 1947 साली अमेरिकेत स्टिरिओ रिअलिस्ट नावाचा दोन भिंगांचा कॅमेरा निघाला. एकदा बटण दाबले की दोन्ही फोटो निघत. त्याने हौशी लोकांची संख्या खूप वाढवली. आपल्या देशात 1984 साली मल्याळम भाषेत माय डिअर कुट्टिचाथन हा पहिला त्रिमितीय चित्रपट निघाला. हिंदीत तो छोटा चेतन म्हणून आला. चष्मा लावून बघायचा तो सिनेमा! त्यामागचे तत्त्व हेच, डाव्याला डावे, उजव्याला उजवे.

स्पर्धांबद्दल थोडे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेत जोडचित्रांचा वेगळा विभाग आहे. तिच्या मान्यतेने वेगवेगळ्या देशांत स्पर्धा होतात. स्पर्धक सहसा चार चित्रे पाठवतो. पूर्वी टपालाने स्लाइडा जात, आता फायली जातात. सहसा तीन परीक्षक चष्मे लावून पडद्यासमोर बसतात. चित्र काही क्षणच दिसते, गुण देतात, पुढचे येते. तिघांच्या गुणांची बेरीज करून कुणाचे स्वीकारले, कुणाला पदक, ते ठरते. 1975 साली आंतरराष्ट्रीय स्टिरिओस्कोपिक युनियन स्थापन झाली, तिचे संमेलन दर दोन वर्षांनी भरते. आम्हांला मात्र स्पर्धेपेक्षा फिरती पेटी बरी वाटते. काही क्षणांत गुण मिळवायचे तर अंगावर धावून येणारे चित्र भाव खाऊन जाणार. विल्यम्सच्या गावासारखी चित्रे सावकाश बघायची असतात.

आता जोडचित्र काढायचे कसे ते सांगतो. दोन भिंगांचा कॅमेरा लागत नाही. साधा मोबाइल चालतो. दोन्ही पाय थोडे फाकवून उभे राहा. भार डाव्या पायावर टाका, एक फोटो काढा. मग मोबाइल तसाच सरळ धरून भार उजव्या पायावर घ्या, दुसरा काढा. झाले जोडचित्र. पण मोबाइल नुसता वळवायचा नाही, सरकवायचा. वळवला तर जागा तीच राहते आणि काही उपयोग होत नाही.

किती सरकवायचे? याचा एक सोपा हिशेब आहे. चित्रात सगळ्यांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याचा तिसावा भाग. समजा आजी 6 फुटांवर बसल्या आहेत. 6 फूट म्हणजे 72 इंच. 72 भागिले 30 म्हणजे जवळजवळ अडीच इंच. आपल्या डोळ्यांइतकेच अंतर आले की नाही! देवळाचा पार 30 फुटांवर असेल तर 1 फूट सरकायचे. फुलावरची मुंगी 1 फुटावर असेल तर जेमतेम 1 सेंटिमीटर, म्हणजे एक बोटभर. गणिताच्या तासाला त्रैराशिक का शिकवतात ते इथे कळते.

दोन फोटोंच्या मधल्या वेळात काही हलता कामा नये. कोंबडी, वाऱ्यातला झेंडा, रांगतं बाळ, हे सगळे जोडचित्राचे शत्रू. कोंबडी डाव्या फोटोत आणि उजव्यात नाही, म्हणजे मेंदूपुढे भूतच. म्हणून विहिरी, दगड, झाडे वारा नसताना, आणि गप्प बसू शकणारी म्हातारी माणसे उत्तम. दुसरे, दोन्ही फोटो एका पातळीत हवेत. एक वर, एक खाली झाला की डोळ्यांना ताण पडतो. तिसरे कडेचे. चित्राची चौकट म्हणजे खिडकी समजा. एखादा माणूस खिडकीच्या अलीकडे, आपल्या बाजूला उभा दिसतो, पण चौकटीने त्याचा अर्धा खांदा मात्र कापला आहे, असे खऱ्या जगात कधी होईल का? जवळच्या वस्तू कडेला कापू नयेत, ते एवढ्यासाठी. आणि चिकटवताना डावे डावीकडे, उजवे उजवीकडे. उलट लावले तर लांबचे जवळ आणि जवळचे लांब होऊ पाहते. उखळाचा खळगा उंचवट्यासारखा दिसू लागतो. मुद्दाम एकदा करून बघण्यासारखे आहे.

बघायचे कसे? प्रत्येक फोटो 6 सेंटिमीटर रुंद छापून घ्या आणि पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवा. 1 फूट लांबीचा दुसरा पुठ्ठा दोन्ही फोटोंच्या बरोबर मधे उभा धरा. त्याचे दुसरे टोक नाकाला लावा. आता डाव्या डोळ्याला उजवा फोटो दिसत नाही आणि उजव्याला डावा. नजर ढिली सोडा, लांब डोंगराकडे बघत आहोत असे समजा. दोन्ही फोटो सरकत सरकत एक होतात. धूसर दिसले तर आजोबांचा 3 नंबरचा जवळचा चष्मा मागून घ्या. त्या भिंगाने साधारण 1 फुटावर बरोबर स्पष्ट दिसते. घाई करू नका. काहींना लगेच जमते, काहींना दोन-तीन दिवस लागतात.

पालकांनी हे जरूर वाचावे. आमच्या वर्गातल्या एका मुलीला कितीही दिवस बघितले तरी चित्र उठून दिसेना. ती म्हणायची, मला एकच फोटो दिसतो. गुरुजींनी तिला एकेक डोळा झाकून फळ्यावरचे वाचायला सांगितले. एका डोळ्याने घडाघडा वाचले, दुसऱ्याने मोठी अक्षरेही लागेनात. तिला स्वतःला हे माहीतच नव्हते, कारण दोन्ही डोळे उघडे असताना तिचे काही अडत नव्हते. आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी पुढे पाठवले, चष्मा लागला, रोज काही वेळ चांगला डोळा झाकून ठेवायचा उपाय चालू आहे. एक डोळा कमी दिसत असला तर मेंदू हळूहळू त्याच्याकडे लक्ष देणे सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. लहान वयात उपचार केला तर डोळा सुधारण्याची शक्यता जास्त, वय वाढेल तशी ती कमी होत जाते. म्हणून घरी बालवाडीतले भावंड असेल तर त्याचाही एकेक डोळा झाकून बघा. चित्र दिसले नाही म्हणजे डोळा आळशीच असे नाही, पुष्कळांना नुसता सराव नसतो. पण एका डोळ्याने कमी दिसते असे वाटले तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

हा छंद जुना, म्हणून आता निकामी झाला असे कुणी समजू नये. विमानातून नकाशासाठी फोटो काढतात तेव्हा एका फोटोतला साधारण 60 टक्के भाग पुढच्या फोटोत पुन्हा येईल असे काढतात. त्या दोन फोटोंचे जोडचित्र होते आणि टेकडी किती उंच, ओढा किती खोल ते मोजता येते. आणि चंद्रावर? 2023 साली चांद्रयान-3 मधली प्रज्ञान गाडी चंद्रावर फिरली, तिला पुढे दोन कॅमेरे होते, डावा आणि उजवा. त्यांनी काढलेल्या विक्रम यानाच्या जोडचित्रापासून इस्रोने सप्टेंबर 2023 मध्ये लाल-निळ्या चष्म्याने बघायचे चित्र प्रसिद्ध केले. गाडी चालवायची तर खड्डा किती खोल हे कळायला हवे, आणि एका डोळ्याने ते नीट कळत नाही.

आता आमच्या पाकिटाविषयी. या भित्तिपत्रकाच्या खाली दोरीला लग्नपत्रिकेचे मोठे पाकीट बांधले आहे. त्यात 8 जोडचित्रे, मधला पुठ्ठा आणि एक वही आहे. वडाची पारंबी, देवळाचा पार, कुंभाराचे चाक (थांबलेले!), मोटेची विहीर आणि जुन्या चावडीची चार. चावडीची चार का, तर रस्ता रुंद व्हायचा आहे आणि पावसाळा संपला की ती पाडणार आहेत. तिचे लाकडी खांब, त्यांवरची नक्षी आणि आतला कोनाडा वेगवेगळ्या जागांवरून घेतला आहे. साध्या फोटोत नक्षी म्हणजे नुसते काळे-पांढरे ठिपके. जोडचित्रात बोट घालावेसे वाटते.

विहिरीच्या चित्राखाली वहीत पहिला शेरा एका आजींचा आहे. त्यांनी सांगितला, नातीने लिहून घेतला : "दगडावर दोराच्या खाचा पडल्यात त्या नीट दिसल्या. डाव्या अंगाची खाच जास्त खोल हाय, आमचा बैल तिकडं ओढायचा." आम्ही तिथे रोज पाणी प्यायला जातो, पण एक खाच जास्त खोल आहे हे आम्हां कुणाच्या ध्यानात आले नव्हते. जाऊन पाहिले. खरेच आहे.

शेजारी गावाचा नकाशा लावला आहे. त्यावर 1 ते 8 क्रमांक आणि प्रत्येकातून फुटलेल्या दोन रेघा आहेत. पालकांनी चित्र बघावे, नकाशात जागा शोधावी आणि वहीत शेरा लिहावा. चांगले म्हणा, वाईट म्हणा, पण काय दिसले ते लिहा. चावडीत पूर्वी काय काय चालायचे ते कुणाला आठवत असेल तर चित्र क्रमांक 5 ते 8 च्या पानांवर जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, सातवीची मुले लिहून घेतील.

केंद्राची पुढची शिक्षण परिषद झाली की गुरुजी हे पाकीट ओढ्यापलीकडच्या शाळेला देणार आहेत. तिथली मुले शेरे लिहून आपली चित्रे घालतील आणि पाकीट पुढच्या शाळेकडे जाईल. तेव्हा ज्यांना बघायचे आहे त्यांनी या आठवड्यात बघून घ्यावे. बघताना हात कोरडे असावेत, आणि पुठ्ठा वाकवू नये.